रीफ टँकमधल्या प्रवाळावर डाग: बडोद्याच्या घरात निदान कसं करायचं

रीफ टँक म्हणजे घरातला खाऱ्या पाण्याचा, प्रवाळं ठेवलेला टँक. त्यातल्या प्रवाळावर नवा डाग दिसला की बरेच जण आधी डिपची, म्हणजे प्रवाळ काही मिनिटं बुडवून ठेवायच्या औषधाची, बाटली उघडतात आणि विचार नंतर करतात. क्रम उलटा हवा. डिप म्हणजे प्रवाळालाही बसणारा मारच असतो. डाग प्रखर प्रकाशाने किंवा वाढलेल्या खारटपणाने पडला असेल, तर आधीच दमलेला जीव आयोडीनमध्ये बुडवला जातो आणि मूळ कारण टँकमध्ये जिथल्या तिथे राहतं.

रंगावरून निदान करायला जाऊ नका. पांढरा डाग प्रकाशाने पडतो, किड्याच्या चाव्याने पडतो, शेजारच्या प्रवाळाच्या डंखाने पडतो, आणि काही वेळा तो डाग नसून कडेला चिकटलेली निरुपद्रवी अळी असते. रंगापेक्षा तीन गोष्टी जास्त सांगतात: डाग प्रवाळाच्या नेमक्या कोणत्या जागी आहे, तो किती वेगाने वाढतोय, आणि पाण्याचा झोत मारल्यावर तो हलतो किंवा निघतो का. यातली जागा सर्वांत महत्त्वाची.

सुरुवातीला कायद्याचं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे येतात. जामनगरकडे पिरोटन किंवा नरारा फिरायला गेल्यावर ओहोटीत हाताशी दिसलेला तुकडा उचलून आणणं हा सरळ गुन्हा आहे. कच्छच्या आखातातला तो पट्टा सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. परदेशी दगडी प्रवाळ घेताना आयातीची कागदपत्रं मागा, कारण ती साइटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात मोडतात. या लेखात झोआंथिड (थोडक्यात झोआ), मशरूम आणि लेदर या दगडी सांगाडा नसलेल्या प्रवाळांवर भर आहे. दगडी प्रवाळांचं गरजेपुरतं येईल.

हाताशी काय हवं

सराफ वापरतात तसलं १० पट मोठं दाखवणारं भिंग. पांढरा टॉर्च, आणि त्यावर बांधायला लाल जिलेटिन कागद. २० मिलीची सिरिंज, तिच्या टोकाला हातभर लांब एअरलाइन नळी. पांढरे, साबणाचा अंश नसलेले तीन डबे. श्रीखंडाचे एक किलोचे रिकामे डबे यासाठी उत्तम, कारण पांढऱ्या तळावर मिलीमीटरभर किडाही दिसतो. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, थर्मामीटर, आणि क्षारता (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट), नायट्रेट व फॉस्फेट यांची किट.

शिवाय नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. झोआंथिड आणि त्याचा भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं, आणि ते अतिशय जहाल विष आहे. झोआ लागलेला दगड कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, पाण्याबाहेर ब्रशने घासू नका. वाफेतून आणि उडालेल्या थेंबांतून विषबाधा होते. असं काम केल्यावर तोंडात कडू किंवा धातूसारखी चव, धाप, ताप, अंगदुखी जाणवली तर ताबडतोब दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द लिहून द्या. आपल्याकडच्या डॉक्टरांसमोर असा रुग्ण क्वचितच येतो, आणि 'ॲक्वेरियम साफ करत होतो' एवढ्यावरून त्यांना काही कळणार नाही.

पहिल्या चोवीस तासांत

निळा प्रकाश बंद करा आणि फक्त पांढऱ्या प्रकाशात फोटो घ्या. निळ्याखाली चमकणारी रंगद्रव्यं डाग झाकतात, आणि नसलेले डाग दाखवतातही. प्रवाळाशेजारी प्लॅस्टिकची पट्टी धरून वरून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी असे चार फोटो पुरेत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच कोनातून पुन्हा घ्या. डाग वाढला की नाही हे नजरेला कधीच कळत नाही, पट्टीला कळतं.

मग पंप बंद करून सिरिंजने हलका झोत मारा. कचरा, डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर, माशाची विष्ठा उडून जाते आणि प्रश्न तिथेच मिटतो. चपटे कृमी कडेने उचलले जातात आणि झोत थांबला की पुन्हा बसतात. एकच अपवाद लक्षात ठेवा: टॉर्च किंवा हॅमर जातीच्या प्रवाळावर तपकिरी, बुळबुळीत, जेलीसारखा गोळा दिसला तर झोत मारायचा नाही. त्याबद्दल खाली.

आता भिंग. डागाच्या मध्यावर पाहू नका, कडेवर पाहा. मांस आणि डाग जिथे भेटतात ती रेषा सगळं सांगते. कड गुळगुळीत असेल, रंग हळूहळू फिका होत गेला असेल आणि पांढऱ्या भागातही पॉलिपची, म्हणजे वसाहतीतल्या एकेका छोट्या जीवाची, तोंडं दिसत असतील, तर मांस जिवंत आहे. फक्त मांसाच्या आत राहणारी सूक्ष्म शैवालं गेली आहेत. याला ब्लीचिंग म्हणतात आणि यातून प्रवाळ परत येतं. कड फाटल्यासारखी असेल आणि पलीकडे उघडा खडबडीत सांगाडा दिसत असेल, तर मांस गेलंय. सांगाडा लख्ख पांढरा असेल तर घटना एक-दोन दिवसांतली. त्यावर हिरवट किंवा तपकिरी झाक आली असेल तर तुम्ही बऱ्याच उशिरा पाहताय.

इथेच एक गैरसमज निस्तरायला हवा. निरोगी प्रवाळ आपल्या मांसावर शेवाळ धरू देत नाही. 'शेवाळामुळे प्रवाळ मेलं' असं जे ऐकू येतं त्यात बहुतेक वेळा उलटं घडलेलं असतं: मांस आधी गेलं आणि रिकाम्या जागेवर शेवाळ आलं. ते घासून काढल्याने कारण जात नाही.

रात्री दिवे बंद झाल्यावर किमान तासभराने लाल टॉर्चने पुन्हा पाहा. प्रवाळ खाणारे बरेचसे जीव दिवसा बुडाशी लपतात. लाल प्रकाश त्यांना फारसा जाणवत नाही, म्हणून ते पळत नाहीत. नवरात्रात गरब्याहून परतल्यावर साडेबाराला टँकसमोर पाच मिनिटं बसणारा माणूस दिवसभर टँक पाहणाऱ्यापेक्षा जास्त किडे पकडतो.

डाग कुठे आहे

फक्त वरच्या, दिव्याकडच्या बाजूला फिकेपणा असेल तर प्रकाशाकडे बोट दाखवा. नवा एलईडी, साफ केलेली काच, किंवा प्रवाळ तळातून वर हलवलेलं, यातलं काहीतरी गेल्या आठवड्यात घडलेलं असतं. झोआ आणि मशरूमना ५० ते १५० पार (PAR, प्रकाशाचं माप) पुरतो, त्यातही मशरूमना खालची बाजूच बरी. मीटर नसेल तर दिवा ३० टक्क्यांनी उतरवा आणि दर आठवड्याला ५ टक्के चढवा. तळाच्या, सावलीतल्या बाजूचा फिकेपणा याच्या उलट. तिथे प्रकाश पोहोचत नाही एवढंच.

एकाच बाजूला, शेजाऱ्याकडे तोंड असलेल्या अंगावर चट्टा असेल तर डंख. गॅलेक्सिया या दगडी प्रवाळाचे शिकारी तंतू २० सेंटीमीटरपर्यंत जातात, टॉर्च-हॅमरचे १० ते १५. हे तंतू बहुधा रात्रीच बाहेर येतात, त्यामुळे दिवसा दोघांत भरपूर अंतर दिसतं आणि मालक गोंधळतो. एप्टेशियाही विसरू नका. दगडाच्या खाचेतला एक पारदर्शक, तपकिरी ॲनिमोन शेजारच्या झोआच्या चार पॉलिपना कायमचं मिटवून ठेवू शकतो. पॉवरहेडच्या, म्हणजे टँकमध्ये प्रवाह खेळवणाऱ्या पंपाच्या, थेट झोतासमोरच्या बाजूला मांस सांगाड्यावरून सोलल्यासारखं निघतं, आणि खालची वाळू उडत असेल तर बुडाशी बारीक खरचटे पडतात.

फांद्यांच्या टोकांवर पांढरं दिसलं तर आधी ते वाढीचं टोक आहे का पाहा. ॲक्रोपोरा या फांद्यांच्या दगडी प्रवाळाचं निरोगी टोक फिकंच असतं. टोकाचं मांसच जळल्यासारखं गेलं असेल तर क्षारता मोजा. ११ डीकेएचच्या (हे क्षारतेचं एकक) वर क्षारता आणि शून्याजवळ नायट्रेट-फॉस्फेट ही जोडी टोकं जाळते.

बुडापासून वर सरकणारा पांढरा पट्टा ही सगळ्यात वाईट खूण. आठवड्याला काही मिलीमीटर सरकत असेल तर क्षारतेची चढउतार किंवा किडे, दोन्ही शोधा. काही तासांत अर्धी फांदी नागडी झाली तर शोधत बसू नका. पांढऱ्या रेषेच्या १ ते २ सेंटीमीटर वर, निरोगी भागातून फांदी तोडा आणि तो तुकडा वेगळ्या भांड्यात वाचवा. मूळ वसाहत सहसा वाचत नाही.

आणि सगळीकडे विखुरलेले, गोल, साधारण एकाच मापाचे ठिपके असतील तर हा जवळजवळ नेहमी खाणारा जीव असतो. पाण्यातला बिघाड अशी एकसारखी गोल भोकं पाडत नाही.

झोआवरचे डाग

बडोद्यातल्या बहुतेक टँकमध्ये हाच पहिला पाहुणा असतो, म्हणून इथे जरा थांबू.

देठावर रव्याच्या कणाएवढे पांढरे किंवा पिवळसर फोड आणि पॉलिप दिवसचे दिवस मिटलेले, असं असेल तर तो झोआ पॉक्स. फोड देठाच्या कातडीतून वर आलेले असतात, नळीच्या टोकाने सरकत नाहीत. एखाद-दुसऱ्या पॉलिपवरच असताना बाकीचा पुंजका वेगळा करणं हाच सर्वांत खात्रीचा उपाय. हायड्रोजन पेरॉक्साइडचा डिप बऱ्याच जणांना उपयोगी पडतो, पण इथे एक घोळ होतो. परदेशी लेखांत ३ टक्के पेरॉक्साइड धरलेलं असतं आणि आपल्याकडच्या केमिस्टकडे साधारण '२० व्हॉल्यूम' मिळतं, म्हणजे ६ टक्के. त्यात तेवढंच आरओ पाणी मिसळून आधी ३ टक्के करा. मग त्याचा एक भाग, टँकच्या पाण्याचे दहा भाग, वेळ पाच मिनिटं. मशरूम किंवा कोळंबी असलेल्या दगडाला हे चालत नाही.

फोड नाहीत, पण पॉलिप कडेकडेने कुरतडल्यासारखे आणि संख्या रोज एक-दोनने घटतेय? झोआ खाणारी न्यूडिब्रँक, म्हणजे शंख नसलेली समुद्री गोगलगाय, शोधा. हिला पकडणं अवघड, कारण खाल्लेल्या झोआचेच रंग तिच्या अंगावर उतरतात. हिरवे झोआ खाल्ले तर तिच्या पाठीवरच्या तंतूंची टोकंही हिरवी. मिटलेल्या पॉलिपशेजारी ५ मिलीमीटरचा जीव बसलेला असतो आणि भिंगाखालीही तो आणखी एक पॉलिपच वाटतो. टॉर्च तिरपा धरा. पॉलिपचं तोंड मध्ये असतं आणि तंतू एका वर्तुळात असतात. न्यूडिब्रँकचे तंतू पाठीवर लांबीच्या दिशेने लागलेले, आणि डोक्याकडे दोन शिंगं वेगळी उठून दिसतात. पॉलिपच्या खालच्या अंगाला पांढरट, वळसे घातलेली धाग्यासारखी लड दिसली तर ती अंडी. अंडी डिपने मरत नाहीत. चिमट्याने किंवा मऊ टूथब्रशने पाण्याखालीच खरवडून काढा, हातमोजे घालून.

चपटा, जिन्यासारखा गोल वळत गेलेला, पांढऱ्या-तपकिरी चौकटींचा शंख बुडाशी सापडला तर तो सनडायल गोगलगाय. सेंटीमीटरभर असतो आणि फक्त झोआवर जगतो. हाताने उचला आणि बाहेर काढा, दुसरं औषध नको. पॉलिप मिटलेला पण फुगीर दिसत असेल तर आत समुद्री कोळी असू शकतो. डिपमध्ये तो पाय पसरत बाहेर पडतो.

आता ज्याला हात लावू नये ते. दगडावर, काचेवर आणि प्लगच्या (प्रवाळ चिकटवलेल्या छोट्या बैठकीच्या) कडेला १ ते ३ मिलीमीटरची चुन्याची पांढरी भोवरी म्हणजे स्पायरॉर्बिड अळी, निरुपद्रवी. जांभळट-गुलाबी कडक ठिपके म्हणजे कोरलाइन शैवाल, आणि त्यांच्यासाठी लोक पैसे मोजतात. कापसाच्या बोंडासारखे पांढरे पुंजके म्हणजे सायकॉन स्पंज. एकाच कडक नळीतून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू सोडणारी व्हर्मेटिड गोगलगाय मात्र त्रासदायक. तिचं जाळं जिथे घासतं तिथला पॉलिप मिटतो. नळीचं तोंड सायनोॲक्रिलेट जेलने बंद करा. फेविक्विकसारखा पातळ द्रव पाण्यात पसरून पॉलिपवर पांढरा पापुद्रा धरतो, म्हणून जेलच घ्या.

मशरूम, लेदर आणि दगडी

मशरूमवर तपकिरी, चपट्या, मिलीमीटरभर टिकल्या असतील आणि झोताने कडा उचलत असतील, तर ते वामिनोआ जातीचे चपटे कृमी. मांस खात नाहीत, पण संख्या वाढली की प्रकाश अडवतात आणि मशरूम आक्रसतो. गोड्या पाण्याचा छोटा डिप पुरतो. टँकमधल्या वाळूवर, काचेवर लालसर-तपकिरी कृमींची चादर पसरली असेल तर प्रकरण वेगळं. त्यांना औषधाने एकदम मारलं तर त्यांच्या अंगातलं विष पाण्यात सुटतं आणि मासे जातात. आधी सायफनने जमतील तेवढे ओढून काढा, तेही दोन-तीन दिवस, आणि औषध घालायचंच तर ताजा कार्बन आणि २५ टक्के पाणी बदलायची तयारी ठेवून. मशरूमच्या तोंडातून पांढरे दोरे बाहेर आलेले दिसले तर ते कृमी नाहीत. मशरूमची स्वतःची पचनाची दोरी आहे. कुणीतरी चावलंय किंवा पाणी बिघडलंय एवढाच त्याचा अर्थ.

लेदर काही आठवड्यांनी मेणासारखी कात टाकतो. चार-सहा दिवस पॉलिप मिटलेले, वर चकचकीत थर. याला आजार समजून डिप करणारे अनेक आहेत. प्रवाह थोडा वाढवा आणि वाट पाहा. काळा पडलेला, बोट लावताच दबणारा, वास मारणारा डाग मात्र कुजण्याचा. नव्या ब्लेडने डागाच्या ५ मिलीमीटर बाहेरून, निरोगी मांसातून तो कापून काढा.

टॉर्च-हॅमरवरची तपकिरी जेली हा खरा आणीबाणीचा प्रसंग. जेलीत सिलिएट जातीचे सूक्ष्म जीव मांस गिळत असतात. झोत मारला तर ती शेजारच्या डोक्यांवर उडते. सगळे पंप बंद करा, जेलीवर नळी धरून सायफनने बादलीत ओढा, मग प्रवाळ पाण्याखालीच डब्यात घेऊन बाहेर काढा. बाधित डोकं सांगाड्यासकट तोडून फेका आणि उरलेलं आयोडीनमध्ये १० मिनिटं ठेवा. त्याला त्याच दिवशी मुख्य टँकमध्ये ठेवू नका.

ॲक्रोपोरावर मिलीमीटरभराचे फिके गोल ठिपके आणि फांदीच्या बुडाशी, उघड्या सांगाड्यावर तपकिरी-सोनेरी अंड्यांचे पुंजके असतील तर ॲक्रोपोरा खाणारा चपटा कृमी. त्याचा रंग प्रवाळाशी इतका मिळतो की टँकमध्ये तो जवळजवळ दिसतच नाही, डिपच्या पांढऱ्या डब्यातच दिसतो. पिवळट, पाठीवर लाल ठिपका असलेला, अर्ध्या मिलीमीटरचा सरपटणारा जीव म्हणजे रेड बग. माँटिपोरा या दगडी प्रवाळाच्या कडेपासून आत सरकणारे पांढरे चट्टे असतील तर तुकडा उलटा करून खालून पाहा, पांढरी न्यूडिब्रँक तिथेच असते.

पाणी मोजताना

किडा सापडला तरी पाणी मोजा. तापमान २४ ते २६ अंश, खारटपणा ३५ पीपीटी म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६, क्षारता ७ ते ११ डीकेएच आणि ती दिवसाला अर्ध्यापेक्षा जास्त न हलणारी, नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. शून्य नायट्रेट ही मिरवायची गोष्ट नाही. शून्यावर प्रवाळ फिकं पडतं आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जीवांची तपकिरी, बुडबुडे धरलेली शेंबडी चादर येते. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणाने जुळवा. फक्त आरओ पाण्याने शून्य जुळवलं तर वरच्या टोकाला चूक राहू शकते.

बडोद्यात दोन गोष्टी हमखास घोळ घालतात. एक, पिण्याच्या पाण्याचा घरगुती आरओ. त्याच्या टीडीएस कंट्रोलरमधून थोडं कच्चं पाणी परत मिसळलं जातं, म्हणून बाहेर ५०-१०० टीडीएस मिळतो. रीफसाठी डीआय (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या) रेझिनमधून काढलेलं शून्य टीडीएसचं पाणीच हवं. शिवाय आजकाल बऱ्याच आरओमध्ये तांब्याचं कार्ट्रिज असतं. माणसाला भले चांगलं, पण कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना तांबं विष आहे. टँकभर सगळी प्रवाळं एकाच वेळी मिटली आणि गोगलगायी पडल्या, तर डाग शोधायच्या आधी हे कार्ट्रिज शोधा. महापालिकेचं आजव्याचं असो की महीचं, नळाचं पाणी थेट तर कधीच नाही.

दुसरा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असताना चिलर नसलेला टँक ३० च्या वर जातो आणि ब्लीचिंगचे फिके चट्टे वरच्या बाजूने सुरू होतात. पृष्ठभागावर पंखा लावला तर २ ते ३ अंश उतरतात, पण पाणी उडतं. १०० लिटरच्या टँकमधून ३ लिटर उडालं तर ३५ चा खारटपणा ३६ च्या वर जातो. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई रोज, गोड्या आरओ-डीआय पाण्याने, शक्यतो ऑटो टॉप-ऑफने, म्हणजे आपोआप भर घालणाऱ्या यंत्राने. पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच पंखा निम्मंही काम करत नाही, आणि त्याच दिवसांत गल्लीत डासांसाठी फॉगिंग येतं. धुरातलं कीटकनाशक पाण्यात उतरतं. आवाज ऐकू आला की खिडक्या लावा आणि एअर पंप बंद करा, कारण तो खोलीतलीच हवा टँकमध्ये ढकलतो. वीज गेलेली असताना मात्र बॅटरीवरच्या एअर पंपाशिवाय टँकला दुसरा आधार नसतो, म्हणून धूर ओसरला की तो आधी सुरू करा.

क्षारता उतरलेली सापडली तर एका दमात वर नेऊ नका. १०० लिटर पाण्यात अर्धा डीकेएच वाढवायला साधारण दीड ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. तो कपभर आरओ पाण्यात विरघळवून प्रवाहाच्या जागी हळूहळू ओता, आणि दिवसाला एवढंच. इनो नको, बेकिंग पावडर नको, पापडखार तर मुळीच नको.

डिप: आधी तपासणी, मग औषध

सगळं पाहून किड्याचाच संशय उरला तर डिप. इथे डिपचा पहिला उपयोग निदानाचा आहे: डब्यात काय पडतं ते पाहणं.

तिन्ही डब्यांत टँकचंच पाणी अर्धा-अर्धा लिटर घ्या. पहिल्यात डिपचं औषध बाटलीवरच्या प्रमाणात. आयोडीन वापरणार असाल तर ५ टक्के ल्युगोल (आयोडीनचं द्रावण), लिटरला ८ ते १० थेंब, म्हणजे या डब्यात ४ ते ५. रंग फिक्या चहासारखा हवा, त्याहून गडद नको. साबण मिसळलेला सर्जिकल स्क्रब आयोडीन म्हणून वापरू नका. प्रवाळ डब्यात ठेवा आणि दर मिनिटाला सिरिंजने सगळ्या बाजूंनी झोत मारा, खासकरून बुडाखाली. पाच ते दहा मिनिटं, नव्या प्रवाळाला पाचच. उन्हाळ्यात डब्यातलं पाणी बघता बघता तापतं, म्हणून एसी किंवा पंख्याखाली काम करा आणि थर्मामीटर डब्यातच ठेवा. नंतर दुसऱ्या डब्यात खंगाळा, तिसऱ्यात खंगाळा.

प्रवाळ बाजूला ठेवल्यावर पहिल्या डब्याचा तळ पाच मिनिटं निवळू द्या आणि भिंगाने पाहा. कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) आणि छोटे ब्रिसलवर्म (केसाळ कृमी) पडलेले दिसतीलच. ते गुन्हेगार नाहीत, ते प्रत्येक जिवंत दगडात असतात. चपटं, कडा लहरणारं, अंडाकार काही असेल तर कृमी. तंतू आणि शिंगं असतील तर न्यूडिब्रँक. काहीच पडलं नाही, तर हा डाग किड्याचा नसण्याची शक्यता मोठी आहे. पुन्हा जागेकडे आणि पाण्याकडे वळा, तीव्र औषधाकडे नाही.

किडा सापडला तर एका डिपने काम होत नाही, कारण अंडी वाचतात. दर ५ ते ७ दिवसांनी, पाच-सहा आठवडे. शक्य असेल तर मूळचा प्लग तोडून प्रवाळ नव्या प्लगवर चिकटवा; निम्मी अंडी त्या जुन्या प्लगच्या खालीच असतात. टँकमध्ये यलो कोरिस किंवा सिक्सलाइन हे रास (wrasse) जातीचे मासे असतील तर ते सुटे कृमी टिपतात, पण अंडी खात नाहीत, आणि सिक्सलाइन छोट्या टँकमध्ये बाकीच्या माशांना जगू देत नाही. केवळ किड्यांसाठी म्हणून तो आणू नका.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेलं प्रवाळ पिशवीत आठ-दहा तास असतं. त्याच्यावर तीन-चार दिवस दिसणारा फिकेपणा, मिटलेले पॉलिप, सुटलेला चिकट थर यावरून कसलंही निदान करू नका. येताक्षणी एकदा सौम्य डिप, मग ३० लिटरच्या साध्या काचेच्या टँकमध्ये चार ते सहा आठवडे वेगळं. त्यात हीटर, छोटा पंप, साधा दिवा एवढं पुरतं, वाळू-दगड नकोत, म्हणजे लपायला जागा उरत नाही. हीटर डिसेंबर-जानेवारीसाठी खरंच लागतो. त्या दिवसांत पहाटे खोली गार पडते आणि छोटा टँक झपाट्याने उतरतो.

मुख्य टँकमध्ये परत ठेवताना आधी तळाशी, कमी प्रकाशात. तिसऱ्या आणि सातव्या रात्री लाल टॉर्चने बूड तपासा. डिपचं वापरलेलं पाणी टँकमध्ये परत जाता कामा नये, आणि विश्वामित्रीत किंवा सूरसागरात तर नाहीच. ते फक्त आयोडीनच्या डिपचं असेल तर त्यात लिटरला १० मिली घरगुती ब्लीच घालून रात्रभर ठेवा आणि सकाळी मोरीत ओता. पेरॉक्साइडच्या किंवा दुसऱ्या कसल्या औषधाच्या पाण्यात ब्लीच मिसळू नका; ते पाणी दिवसभर उघड्यावर ठेवून नंतर ओता. डबे आणि सिरिंज साबणाशिवाय, गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. मात्र ज्या डब्यात झोआ होते तो आधी गार पाण्याने दोन-तीनदा, हातमोजे घालूनच, खंगाळून घ्या.